वाचकांचे प्रश्न : हे पोर कुणाच्या डोक्यातलं?

मागच्या अंकातल्या एका लेखात "हा सगळा उपक्रम म्हणजे माझं ब्रेनचाइल्ड" असं एक वाक्य होतं आणि त्या एका शब्दावरून पत्रांचा ढीग पडलाय. काहींना खरंच अर्थ विचारायचाय, काहींना चिमटा काढायचाय, आणि दोघातिघांनी तर मराठी मासिकात हा शब्द घुसलाच कसा म्हणून चांगलं झाडलंय. म्हटलं या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकू.

प्रश्न : ब्रेनचाइल्डला मराठीत नेमका शब्द कोणता? ऑफिसच्या एका भाषांतरात मी "मेंदूचं मूल" असं लिहिलं तर सगळे फिदीफिदी हसले. अर्थ तर तोच होतो ना?

अर्थ होतो हो, पण हसणारच लोक. मराठीत गोष्टी डोक्यात येतात, मनात येतात, सुचतात, पण मेंदूत येत नाहीत. मेंदू आपण एकतर डॉक्टरांसमोर काढतो नाहीतर "मेंदू गहाण ठेवलाय का" असं कुणाला सुनवायचं असेल तेव्हा. त्यामुळे "मेंदूचं मूल" वाचलं की डोळ्यासमोर थेट ऑपरेशन थिएटर येतं.

आधी शब्दाचा अर्थ नीट बघू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. एखाद्याच्या डोक्यातून मुळात निघालेली आणि मग बाहेर येऊन काहीतरी रूप घेतलेली गोष्ट म्हणजे ब्रेनचाइल्ड. मग ती संस्था असेल, खेळ असेल, यंत्र असेल, कादंबरीतलं पात्र असेल, एखादी योजना असेल. नुसता चहा पिता पिता आलेला विचार म्हणजे ब्रेनचाइल्ड नाही, ती आयडिया. आणि दुसऱ्याने सुरू केलेलं काम तुम्ही वीस वर्षं उत्तम चालवलंत तरी ते तुमचं ब्रेनचाइल्ड होत नाही, त्याचं श्रेय वेगळं आणि मोठं असेल, पण शब्द हा नाही. म्हणजे "कुणाचं" हे सांगितल्याशिवाय या शब्दाला काही अर्थच उरत नाही, कुणाचं तरी असल्याशिवाय ते असूच शकत नाही.

डोक्यातून मूल जन्माला येण्याची ही कल्पना इंग्रजांचीही स्वतःची नाही म्हणा. ग्रीक पुराणात अथीना ही देवी झ्यूसच्या डोक्यातून जन्मते, ते पण शब्दशः, झ्यूसचं डोकं भयंकर ठणकायला लागतं, मग हेफेस्टस कुऱ्हाड घालून कवटी फोडतो आणि आतून ही बाई चिलखत घालून, पूर्ण वाढलेली बाहेर. (काही सुचत नसताना डोकं दुखतं ते बहुतेक यामुळेच.) शेक्सपिअरच्या नाटकात मर्क्युशिओ स्वप्नांना "रिकाम्या डोक्याची पोरं" म्हणतो ते सोळाव्या शतकाच्या शेवटी. म्हणजे ब्रेनचाइल्ड हा शब्द असल्या जुन्या वळणावरूनच आलाय.

आता मराठी. एकच एक शब्द शोधत बसलात तर फसाल. बाहेर आलेली गोष्ट काय आहे त्यावर शब्द बदलतो. कथेतलं पात्र असेल तर मानसपुत्र किंवा मानसकन्या. संस्था, योजना, महोत्सव असेल तर "अमक्यांच्या कल्पनेतून साकारलेला" किंवा "मूळ कल्पना अमक्यांची". कार्यक्रम, मालिका, प्रदर्शन असेल तर सरळ "संकल्पना : अमुक". अडचणीतून काढलेली वाट असेल तर शक्कल, क्लृप्ती, युक्ती. आणि टोमणा मारायचा असेल तर "सुपीक डोक्यातून निघालेलं". तुमच्या त्या भाषांतरात काय होतं ते तुम्ही कळवलं नाहीत, पण ऑफिसचा कागद होता म्हणजे नव्याण्णव टक्के "यांच्या कल्पनेतून साकारलेला" हेच बसलं असतं.

प्रश्न : मानसपुत्र हा शब्द मी कायम "मुलासारखा मानलेला माणूस" या अर्थाने ऐकलाय. गुरूंचे मानसपुत्र वगैरे. मग कादंबरीतल्या पात्राला मानसपुत्र कसं म्हणायचं? दोन्ही बरोबर कसं असेल?

दोन्ही बरोबर आहे, आणि तुमची शंका पण रास्त आहे. ज्या शब्दावरून हे दोन्ही अर्थ फुटले तो शब्द पुराणातला. ब्रह्मदेवाने जे ऋषी केवळ मनाने निर्माण केले, मरीची, अत्री, अंगिरस, पुलस्त्य, पुलह, क्रतू, वसिष्ठ वगैरे, ते त्याचे मानसपुत्र. यादी पुराणागणिक थोडी बदलते, कुठे नारद आत येतो, कुठे भृगू, कुठे दक्ष. गीतेच्या दहाव्या अध्यायातही सप्तर्षी आणि मनू यांच्याबद्दल "मद्भावा मानसा जाताः" असं आलंय, म्हणजे माझ्या मनातून जन्मलेले. तर मूळ अर्थ तुमच्या "मानलेला मुलगा"पेक्षा "मनातून जन्मलेला मुलगा" याच्याच जवळचा आहे. देह नाही, आई नाही, नुसतं मन. ब्रेनचाइल्डशी इतका तंतोतंत जुळणारा शब्द आपल्याकडे पडून होता आणि तरी आपण मेंदूचं मूल करत बसलो.

मानलेल्या मुलाचा अर्थ नंतर चिकटला असणार, मनाने मुलगा म्हणून स्वीकारलेला तो मानसपुत्र, असा सरळ हिशोब. आज वर्तमानपत्रात "साहेबांचे मानसपुत्र" असं आलं की बहुतेक वेळा हाच अर्थ असतो आणि पुढे तिकीटवाटपाची बातमी असते.

पात्रांसाठीचा वापर मात्र मराठी वाचकाला अजिबात नवा नाही. फास्टर फेणे हा भा. रा. भागवतांचा मानसपुत्र, चिमणराव हा चिं. वि. जोशींचा मानसपुत्र, हे आपण इतक्यांदा वाचलंय की त्यात काही वेगळं वाटतच नाही. आणि गंमत म्हणजे या मुलांचं आणि बापांचं दर वेळी पटतंच असं नाही. आर्थर कॉनन डॉयलला आपल्या शेरलॉक होम्सचा इतका कंटाळा आला की १८९३ साली त्याने त्याला धबधब्यावरून ढकलून संपवून टाकला, त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या आणि हा गुप्तहेर सगळा वेळ खात होता. वाचक काही ऐकेनात. १९०१ मध्ये त्याला आधीच्या काळातली म्हणून एक होम्सकथा लिहायला लागली आणि १९०३ मध्ये तर होम्स मेलाच नव्हता असं सांगून परत आणावा लागला. मानलेल्या मुलाला असं मारून परत आणता येत नाही. मनातून जन्मलेल्याला येतं. दोन अर्थांतला फरक यापेक्षा बरा मला समजावता यायचा नाही.

एक पथ्य तेवढं पाळा, संदर्भ नसलेल्या वाक्यात हा शब्द टाकू नका. "तो त्यांचा मानसपुत्र आहे" एवढंच लिहिलंत तर वाचक माणूस शोधत बसतो. "या मालिकेतला डिटेक्टिव्ह हा त्यांचा मानसपुत्र" म्हटलं की प्रश्न मिटला.

प्रश्न : संस्थेला मानसपुत्र म्हणता येईल का? आमच्या संस्थापक बाई आहेत आणि संस्था स्त्रीलिंगी, मग मानसकन्या म्हणायचं का? स्मरणिकेसाठी पाहिजे, लवकर सांगा.

म्हणता येतं, पण म्हणू नका. "ही संस्था म्हणजे बाईंची मानसकन्या" हे सत्काराच्या भाषणात टाळ्या घेईल, छापल्यावर मात्र जरा गोडगोड होतं. मानस हा शब्द फक्त पुत्रालाच लागतो असं नाही खरं तर. वाल्मिकी रामायणात विश्वामित्र रामाला सांगतात की कैलासावर ब्रह्मदेवाने मनाने एक सरोवर निर्माण केलं म्हणून त्याचं नाव मानस. म्हणजे मानससरोवर हे चक्क ब्रह्मदेवाचं ब्रेनचाइल्ड झालं, आणि सरोवराला कुणी पुत्र-कन्या म्हणत बसलं नाही. तुम्ही पण नका म्हणू. "बाईंच्या मनात ही संस्था आधी उभी राहिली आणि मग जमिनीवर" असं काहीतरी लिहा, नाहीतर सरळ "संस्थेची मूळ कल्पना बाईंची."

प्रश्न : ब्रेनचाइल्ड तो, ती की ते?

ते. मूल ते, अपत्य ते, म्हणून "माझं ब्रेनचाइल्ड". "माझा ब्रेनचाइल्ड" असंही काही जण म्हणतात, कानाला खटकतं. अनेकवचन करायच्या भानगडीत पडू नका, इंग्रजीत ते ब्रेनचिल्ड्रन होतं आणि मराठी वाक्यात ते आलं की वर्ग भरल्यासारखं वाटतं.

प्रश्न : कल्पना आणि संकल्पना यात फरक काय? हल्ली जो तो संकल्पनाच म्हणतो. वाढदिवसाच्या केकची पण "संकल्पना" असते म्हणे.

केकवाल्यांना माफ करा, त्यांनी थीमचं भाषांतर केलंय बिचाऱ्यांनी.

कल्पना हा आपल्या भाषेतला सगळ्यात जास्त राबवलेला शब्द असेल. "मला कल्पना सुचली" यात ती आयडिया, "मला काही कल्पना नाही" यात माहिती, "त्यांना आधी कल्पना देऊन ठेव" यात सूचना, "कल्पनाच करवत नाही" यात चित्र, आणि "नुसत्या कल्पना आहेत तुझ्या" यात चक्क भ्रम. एवढी कामं एकटीने करणारा शब्द असला की नेमकं बोलायचं असताना तो कमी पडायला लागतो, आणि मग लोकांनी "सं" लावून वजन वाढवलं.

शास्त्रात, तत्त्वज्ञानात संकल्पना म्हणजे विचार करायचं साधन. गुरुत्वाकर्षण ही संकल्पना, लोकशाही ही संकल्पना, शून्य ही संकल्पना. ती कुणा एकाची खासगी असायची गरज नाही, बहुतेक वेळा नसतेच. पण श्रेयनामावलीत "संकल्पना" लिहून पुढे नाव येतं तेव्हा अर्थ एकदम फिरतो, तिथे तो "मूळ डोकं यांचं" असं सांगतो. म्हणजे आपल्याला हवा असलेला ब्रेनचाइल्डचा मालकीवाला अर्थ मराठीत रोज पडद्यावर येतोय, आपलंच लक्ष नाही. त्यामुळे "लोकशाही ही त्यांची संकल्पना" असं लिहाल तर घोटाळा होईल (लोकशाहीबद्दलची त्यांची समज की लोकशाही त्यांनीच काढली?), पण "या प्रदर्शनाची संकल्पना त्यांची" यात काही घोटाळा नाही.

आणि संकल्पाशी गल्लत करू नका. संकल्प म्हणजे निश्चय. "नवीन वर्षाची संकल्पना सोडली" असं एका पत्रात वाचलं, सोडतात तो संकल्प, आणि आठवड्याभरात मोडतात तो पण संकल्पच.

आता या सगळ्या घराण्याकडे एकदा बघा म्हणजे मजा येईल. संस्कृतात कॢप् असा धातू आहे, घडवणं, जुळवणं, योग्य रीतीने मांडणं असा त्याचा अर्थ. त्याच्यापासून कल्पना, त्याच्यापासून कल्पक, संकल्प, विकल्प, आताचा प्रकल्प, आणि जिचं स्पेलिंग कुणालाच येत नाही ती क्लृप्ती. म्हणजे मुळात कल्पना ही हवेत तरंगणारी गोष्ट नाहीच, तिच्या पोटातच घडवणं आहे. "प्रकल्प कुणाच्या कल्पनेतून" असं आपण लिहितो तेव्हा खरं तर एकाच आजोबांची दोन नातवंडं शेजारीशेजारी बसवतो. याच घरातला एक वाया गेलेला म्हणजे कपोलकल्पित, जे घडलंच नाही ते घडवून सांगणं. कविकल्पना पण हल्ली तिकडेच झुकलीय, "ही नुसती कविकल्पना" म्हटलं की ती बाद झालीच समजायची, कवींनी याचा निषेध करायला हवा होता.

प्रश्न : मीटिंगमध्ये मी अगदी मनापासून साहेबांना म्हणालो, "सर, ही शक्कल तुमच्याच सुपीक डोक्यातून निघाली असणार!" साहेब त्या दिवसापासून नीट बोलत नाहीत. माझं काय चुकलं?

सगळंच.

सुपीक डोकं हे दिसतं कौतुक पण मराठीत ते कौतुक म्हणून कधीच चालत नाही. कार्यालयात नवीन फॉर्म आला, जो भरायला जुन्याच्या दुप्पट वेळ लागतो, तर "कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?" असं विचारतात. त्यात उत्तर अपेक्षित नसतं, गुन्हेगार अपेक्षित असतो. तुम्ही तेच साहेबांच्या तोंडावर बोललात आणि वर शक्कल जोडलीत.

शक्कल तसा वाईट शब्द नाही. फारसी-अरबीतल्या शक्ल म्हणजे आकार, रूप, त्यावरून तो आला आणि मराठीत येऊन डोकेबाज झाला. "नामी शक्कल लढवली" हे कौतुकच आहे, पण ते कौतुक चलाखीचं. शक्कल अडचणीतून सुटण्यासाठी असते, थोडी आडवाटेची, कधीकधी कुणाला तरी चकवणारी. चोरांनी पण शक्कल लढवली असंच बातमीत येतं. वरिष्ठाने आखलेल्या धोरणाला शक्कल म्हणणं म्हणजे तो काहीतरी निभावून नेतोय असं म्हणणं.

आता ही सगळी उतरंडच बघून ठेवा, पुढच्या मीटिंगला उपयोग होईल. युक्ती साधी, घरगुती, कुणालाही सुचते, तिला युक्ती म्हटलं तर कुणी रागवत नाही. क्लृप्ती जरा गुंतागुंतीची, तिच्यात पेच असतो. टूम म्हणजे कारण नसताना काढलेली नवी गोष्ट, "आता ही नवी टूम काढलीय" असं म्हणणाऱ्याला ती आवडलेली नाही हे सांगावं लागत नाही. खूळ म्हणजे टूम जी डोक्यातून जायला तयार नाही. आणि कारस्थान म्हणजे इतरांच्या क्लृप्तीला आपण दिलेलं नाव. तरुण मंडळी "काय डोकॅलिटी आहे!" म्हणतात ते बाकी निर्मळ कौतुक, पण ते साहेबांना म्हणू नका, मित्राला म्हणा. साहेबांसाठी "सर, मूळ कल्पना तुमचीच, खूप चांगली आहे." बेचव आहे, मान्य, पण पगार चालू राहतो.

प्रश्न : मूळ आयडिया एकाची, काम दुसऱ्याचं, पैसा तिसऱ्याचा, आणि पाठिंबा चौथ्याचा. तर ब्रेनचाइल्ड कुणाचं? आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडण सुरू आहे.

भांडण मिटवणं माझ्या हातात नाही पण शब्द कुणाला द्यायचा एवढं सांगू शकतो. ज्याच्या डोक्यात ती गोष्ट पहिल्यांदा ओळखू येईल अशा रूपात आली त्याला. ओळखू येईल अशा रूपात हे महत्त्वाचं, नाहीतर "मी तेव्हाच म्हटलं होतं काहीतरी करूया" असं म्हणणारे प्रत्येक ग्रुपात चार असतात.

मोनोपॉली हा खेळ घ्या. बरीच वर्षं सगळीकडे एकच गोष्ट सांगितली जायची, मंदीच्या काळात चार्ल्स डॅरो नावाच्या बेकार माणसाला हा खेळ सुचला, १९३५ मध्ये त्याने तो पार्कर ब्रदर्स कंपनीला विकला आणि श्रीमंत झाला. प्रत्यक्षात लिझी मॅगी नावाच्या बाईंनी त्याच्या कितीतरी आधी, १९०४ मध्येच, द लँडलॉर्ड्स गेम नावाच्या खेळाचं पेटंट घेतलेलं होतं. चौकोनी पट, गोल गोल फिरणाऱ्या सोंगट्या, विकत घ्यायच्या जागा, भाडं, तुरुंग, सगळं त्यात होतं. त्यांचा हेतू तर उलटाच, जमिनीची मक्तेदारी किती वाईट ते लोकांना खेळातून कळावं हा. खेळ हातोहाती पसरत, बदलत गेला, त्यातलं एक रूप डॅरोपर्यंत पोचलं आणि त्याने ते आपलं म्हणून विकलं. कंपनीने पुढे मॅगीबाईंकडून पेटंट घेतलं ते ५०० डॉलरला, वर रॉयल्टी काही नाही. आता सांगा ब्रेनचाइल्ड कुणाचं? माझं उत्तर स्पष्ट आहे, मॅगीबाईंचं. डॅरोने तो सजवला असेल, विकला असेल, त्याला दत्तक घेतला असं फार तर म्हणा, तेही आईला न विचारता.

पाठिंबा देणाऱ्याचं मात्र वेगळं. १९८९ च्या मार्चमध्ये टिम बर्नर्स-लीने सर्न या संस्थेत माहितीच्या जाळ्याचा एक प्रस्ताव लिहिला, तोच पुढे वर्ल्ड वाइड वेब झाला. त्याच्या वरिष्ठांनी, माइक सेंडॉल यांनी, त्या कागदावर शेरा मारला त्याचा मराठीत अर्थ "धूसर आहे, पण भारी आहे" असा काहीतरी. आणि काम करायला वाव दिला. म्हणून वेब हे सेंडॉल यांचं ब्रेनचाइल्ड होतं का? नाही. पण तो शेरा "धूसर आहे" एवढ्यावरच थांबला असता तर काय झालं असतं कोण जाणे. अशा माणसाला सॉक्रेटिसकडे एक शब्द आहे. त्याची आई सुईण होती, आणि प्लेटोच्या एका संवादात तो म्हणतो की मी पण सुईणच, मला स्वतःला काही होत नाही, मी दुसऱ्यांच्या विचारांची बाळंतपणं करतो. चांगले संपादक, चांगले मास्तर, चांगले बॉस हे सगळे या जातीचे. सुईणीचे आभार मानायचे असतात, बारशाला पहिलं बोलावायचं असतं, पण जन्मदाखल्यावर आई म्हणून तिचं नाव घालत नाहीत.

मराठीत श्रेय वाटून द्यायला शब्दांची कमी नाही, फक्त ते जागच्या जागी वापरायला हवेत. जनक म्हणजे ज्याच्यापासून ती गोष्ट सुरू झाली, वि. स. पागे यांना रोजगार हमी योजनेचे जनक म्हणतात ते या अर्थाने. शिल्पकार म्हणजे ज्याने आकार दिला, बाबासाहेबांना राज्यघटनेचे शिल्पकार म्हणतो तो शब्द किती विचारपूर्वक निवडलाय बघा, कारण घटना समितीत माणसं शेकड्यांनी होती, चर्चा सगळ्यांची, पण त्या सगळ्याला घडीव रूप देणारा हात कुणाचा ते तो शब्द नेमकं सांगतो. प्रणेता म्हणजे पुढे नेणारा. मुहूर्तमेढ रोवणारा म्हणजे पहिला खांब उभा करणारा, पुढचा मांडव दुसऱ्यांनीही घातलेला असू शकतो. तुमच्या ग्रुपातल्या चौघांना यातला एकेक देऊन बघा, एखादवेळेस मिटेल.

आणि बायकांच्या बाबतीत "जनक"चं काय करायचं असं आणखी एका ताईंनी विचारलंय. जननी म्हटलं की लगेच देवीपण येतं, जनक तसंच ठेवलं तर व्याकरण कुरकुरतं. मी "मूळ कल्पना त्यांची" लिहून मोकळा होतो.

प्रश्न : माझ्या ब्रेनचाइल्डवर कॉपीराइट घेता येतो का?

नुसत्या कल्पनेवर नाही. जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार आहे, त्याच्या ९व्या कलमात साफ लिहिलंय की कॉपीराइट मांडणीला मिळतो, कल्पनेला नाही. भुताटकीच्या वाड्यात अडकलेलं नवरा-बायकोचं जोडपं ही कल्पना कुणाचीच नाही, तुम्ही लिहिलेली तीनशे पानं तुमची. यंत्र किंवा प्रक्रिया शोधली असेल तर पेटंटचा रस्ता आहे, ते साधारण अर्ज केल्यापासून २० वर्षं चालतं. पुढचं वकिलांना विचारा, हे शब्दांचं सदर आहे.

प्रश्न : एआयला चार ओळी सांगून कविता करून घेतली. ती माझं ब्रेनचाइल्ड म्हणून छापायला पाठवू का?

कुठे पाठवताय त्यावर नाही, काय सांगितलंत त्यावर अवलंबून. "पावसावर कविता कर" एवढंच सांगितलं असेल तर तुमच्या डोक्यातून निघाला तो फक्त पाऊस, आणि तो पण आधीच पडत होता. पण रचना तुमची, प्रतिमा तुमच्या, ओळीओळीला झगडून तुम्ही ती फिरवलीत आणि शेवटी उरलं ते तुम्हाला हवं होतं तेच, तर मूळ कल्पना माझी असं म्हणायला माझी हरकत नाही, कवी मी असं म्हणायला मात्र आहे. मराठी क्रियापद इथे बरं उपयोगी पडतं बघा. आपण "मी सुचलो" म्हणत नाही, "मला सुचलं" म्हणतो, म्हणजे सुचणं आपण करत नाही, ते आपल्याकडे येतं. तर स्वतःला विचारा, ती ओळ मला सुचली का? नसेल सुचली तर तसं कळवून पाठवा, संपादक एवढे दुष्ट नसतात.

प्रश्न : ब्रेनस्टॉर्मिंग, ब्रेनवेव्ह, ब्रेनचाइल्ड, सगळं एकच का?

नाही. ब्रेनस्टॉर्मिंग म्हणजे चारचौघांनी बसून सुचेल ते बोलत सुटणं, मराठीत विचारमंथन म्हणतात पण मंथनातून रत्नं निघतात अशी आशा त्या शब्दात उगाच आहे. ब्रेनवेव्ह म्हणजे अचानक डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं. आणि त्यातून पुढे वर्षभर खपून जे काही उभं राहतं ते ब्रेनचाइल्ड. ब्रेनवॉश या कुटुंबातला नाही, त्याला यात ओढू नका.

प्रश्न : इतकं सगळं मराठीत आहे तर तुम्ही लेखात ब्रेनचाइल्ड का छापलंत?

ज्यांची मुलाखत होती ते तसं बोलले म्हणून. बोललेलं वाक्य अवतरणात असताना त्यांच्या तोंडी "माझ्या कल्पनेतून साकारलेला उपक्रम" घालणं मला जमलं नसतं, असं कुणी बोलत नाही हो. बोलताना ब्रेनचाइल्ड, आयडिया, कन्सेप्ट खुशाल येऊ द्या. फक्त कन्सेप्ट आणि ब्रेनचाइल्ड एकाच वाक्यात नको, "हा कन्सेप्ट माझं ब्रेनचाइल्ड आहे" यात कन्सेप्ट आणि ब्रेनचाइल्ड दोघंही एकमेकांकडे बघत राहतात.

प्रश्न : ब्रेनचाइल्ड की ब्रेनचाईल्ड?

जोडाक्षराआधीची इ ऱ्हस्व, म्हणून चाइल्ड. मागच्या अंकात दीर्घ छापलं गेलं होतं, ज्यांनी ते लाल पेनाने गोल करून पाठवलं त्यांचे पत्र प्रूफरीडरच्या टेबलावर ठेवलंय.